पलीकडचं मत

४ ऑक्टोबर, शुक्रवार

शेवटी शरीफुन्निसा आपा उभ्या राहिल्या. आज मनाम्यात मंडळाच्या हॉलमध्ये चहा चालू असताना त्यांनी सरळ सांगितलं, "मला अध्यक्ष व्हायचंय." भाषण नाही, काही नाही. बायकांच्या बाजूने टाळ्या झाल्या, पुरुषांच्या बाजूने नुसत्या खुर्च्या सरकल्या.

आखातात आलेल्या कोकणी माणसांच्या आमच्या कोकण-किनारा मंडळात दोन पॅनल आहेत, सलोखा आणि प्रगती. आम्ही पहिल्यापासून सलोखावाले. मंडळाची निवडणूक नोव्हेंबरात असते, पण त्याआधी प्रत्येक पॅनल आपल्याच माणसांत मतदान घेऊन अध्यक्षपदाचा एक उमेदवार ठरवतं. आमच्याकडे दर वेळी ओवैसभाईच ठरतात, मतदान नावाला. या वर्षी पहिल्यांदाच त्यांच्यासमोर कुणी आहे. आणि या वर्षी पहिल्यांदाच बायकांना मत आहे. मार्चपर्यंत घरटी एक मत होतं, म्हणजे नवऱ्याचं. आपांनी दोन वर्षं भांडून मंडळाची घटना बदलून घेतली.

आपांना वरच्या मजल्यावरची खोली हवी आहे. गेल्या हिवाळ्यात श्रीवर्धनची एक मुलगी, घरकामाला आलेली, मालकिणीच्या घरातून पळून मंडळात आली होती. ऑफिसात पुरुष कॅरम खेळत होते. ती लाजून जिन्यातच बसून राहिली. ड्युटी संपवून हॉस्पिटलातून आलेल्या आपांना ती तिथे दिसली. वरच्या खोलीत क्रिकेटच्या बॅटी आणि स्टेजचे पडदे ठेवलेत. आपा म्हणतात, ती खोली बायकांसाठी द्या, आठवड्यातून दोन संध्याकाळी मी तिथे बसेन.

घरी नवऱ्याला, ताहिरला सांगितलं. म्हणाला, "आपा नर्स म्हणून चांगल्या आहेत."

१२ ऑक्टोबर

क्लिनिकमधून रोज बायकांना फोन करते. रिसेप्शनवर बसलं की तेवढं जमतं. सनाबिसच्या आमच्या बिल्डिंगमधल्या सगळ्या बायका आपांच्या बाजूने आहेत. डायना तर माझ्याहून जोरात आहे. ती वसईची, हॉटेलात फ्रंट डेस्कवर असते, कुणाला नाही म्हणू देत नाही. बायका आल्या तर आपा जिंकल्याच.

पॅनलचं मतदान १८ तारखेला, हॉलमध्ये.

१७ ऑक्टोबर

ग्रुपवर मेसेज आलाय. हॉलचा एसी बंद पडला, म्हणून मतदान ओवैसभाईंच्या व्हिलात, लांब रिफाला. जुम्म्याच्या नमाजनंतर तीनपर्यंत.

ऑक्टोबरात एसी इतका लागतो का? डायना म्हणाली, "अगं, आपल्यातल्या किती जणींकडे गाडी आहे?" माझी लायसन्सची टेस्ट दोनदा गेली, माझ्याकडे तर नाहीच. मी ताहिरला विचारलं. म्हणाला, "नेतो ना. चौघी मागे बसा, एक पुढे."

१८ ऑक्टोबर, शुक्रवार

हरलो.

मी खाली उतरले तेव्हा बाकीच्या चौघी तयार होत्या. ताहिरने चावी फिरवली, गाडी सुरूच होईना. बॅटरी गेली म्हणाला. मी म्हटलं टॅक्सी करते, तर म्हणाला, थांब, शेजारचा केबल घेऊन येतोय, पाच मिनिटं. पाच मिनिटं करता करता तासाभराहून जास्त वेळ गेला. शेवटी डायनाच रस्त्यावर गेली आणि दोन टॅक्सी थांबवून आली. जुम्म्याची गर्दी सुटली होती. रिफाला पोचलो तर ओवैसभाईंच्या फाटकाशी उभा असलेला माणूस म्हणतो, "खलास, मतदान संपलं."

आत बिर्याणीचा वास येत होता. आपा बाहेर आल्या, माझ्या खांद्यावर हात ठेवला. "जाऊ दे गो. थोडक्यात गेलं." आमच्यासारख्या अजून दोन-तीन गाड्या उशिरा आल्या. त्या वेळेवर आल्या असत्या तर!

संध्याकाळी ताहिर खाली गाडी धूत होता. बॅटरी झटकन लागली म्हणे. माझं नशीबच असं.

२० ऑक्टोबर

जेवण जात नाही. आपण ज्यांना आपली माणसं समजतो तीच दार लावून घेतात. सलोखाच्या प्रत्येक कार्यक्रमाला मी शीरखुर्मा केला, खुर्च्या मांडल्या, बॅनर धरले. आम्हाला मत दिलं आणि मत टाकायची जागा मात्र व्हिलात नेली.

इक्रा म्हणते, "मम्मी, इट्स जस्ट अ क्लब." सोळा वर्षांची आहे. तिला काय कळणार.

२५ ऑक्टोबर, शुक्रवार

मी ठरवलंय. निवडणुकीत ओवैसभाईंना मत द्यायचं नाही. नुसतं घरी बसायचंही नाही. प्रगतीला द्यायचं.

डायना आधी बिचकली, "पलीकडे? आपण?" मग म्हणाली, चल, अँथनीला भेटू. तिच्याच चर्चच्या पॅरिशचा आहे. प्रगतीचा उमेदवार तोच. सूकच्या बाजाराजवळच्या कॅफेत भेटला. इस्त्रीचा शर्ट, बोलणं गोड.

"भाभी, तुमच्याबाबतीत काय झालं ते मी ऐकलं. आमच्यात असं होत नाही. आमच्यात बाईमाणसाचा मान राखतात."

डायनाने तोंडावर विचारलं, "मग मार्चमध्ये बायकांच्या मताच्या विरोधात तूच बोलला होतास ना?"

तो हसला. "ते पॅनलचं म्हणणं होतं. आता वेळ बदललीये."

मी वरच्या खोलीचं विचारलं. म्हणाला, "करू. इंशाल्ला करू."

मला बरं वाटलं. ख्रिश्चन असून इंशाल्ला म्हणाला. म्हणजे मनापासून असणार. डायना परत येताना गप्प होती.

२ नोव्हेंबर

एकेकीला भेटतेय. सगळ्या पहिला प्रश्न हाच विचारतात, "आपांचं काय म्हणणं?" मी सांगते, आपांच्याच मनात आहे हे. आपांनी उघड असं म्हटलेलं नाही, पण पॅनलमध्ये राहून त्या उघड म्हणणार कशा? मला त्यांचं मन कळतं.

काल त्यांचा फोन आला होता. "आतिका, मी ऐकतेय काहीबाही. तू घाई करू नको. थांब जरा."

मी म्हटलं, "आपा, तुम्ही काळजी करू नका. तुमचं नाव कुठे येणार नाही."

त्या म्हणाल्या, "मी तुला थांब म्हणतेय." किती मोठं मन! एवढा अपमान झाला तरी पॅनलला जपतात.

५ नोव्हेंबर

क्लिनिकमधून येताना आपांच्या बिल्डिंगखाली ओवैसभाईंची पांढरी गाडी उभी दिसली. शहाजोगपणे माफी मागायला आले असतील. आपा दारातूनच परत पाठवतील.

९ नोव्हेंबर

ताहिरला सलोखाचं तिकीट मिळालं. क्रीडा सचिव. नवा शर्ट घालून, पेढे घेऊन घरी आला. वीस वर्षं या देशात एसीची कामं काढतो, मंडळात कुणी कधी नावाने हाक मारली नव्हती. इक्राने त्याला मिठी मारली. मी पेढा खाल्ला.

मग म्हटलं, "मी ओवैसभाईंना मत देणार नाही. तुला देईन. बाकी प्रगती."

"लोक काय म्हणतील? माझीच बायको पलीकडच्यांसाठी दारोदार फिरते."

"मी तुझ्याविरुद्ध कुठे फिरते? मी त्यांना अध्यक्षापुरतंच सांगते."

"त्या बायका अध्यक्षापुरतं थांबतील?" त्याने पेढ्यांचा बॉक्स फ्रीजमध्ये ठेवला. "आतिका, एकदा माझ्यासाठी गप्प बस."

पण मी गप्प बसणार नाही.

१४ नोव्हेंबर



सूकमध्ये इक्रासाठी कापड बघत होते, तिथे शाजिया भेटली, ओवैसभाईंची बायको. मी तोंड फिरवणार होते, पण तिनेच हात धरला. अगदी प्रेमाने.

"आतिका, राग धरू नको गो. तुझा ताहिर किती भला माणूस. आमचे हे सारखे म्हणतात, त्या दिवशी ताहिरने जे केलं ते सख्खा भाऊ करणार नाही."

"काय केलं?"

"आता तुला काय सांगायचं. बायको रुसेल, बोलेल, तरी त्याने गाडी काढली नाही. ह्यांनी शब्द टाकला आणि त्याने पाळला. म्हणून तर तिकीट त्याला."

कापडवाला विचारत होता, किती मीटर. मी तशीच बाहेर आले. बस कुठली पकडली आठवत नाही.

ताहिर कामावरून आला तेव्हा मी दारातच उभी होते. विचारलं, "बॅटरी गेली होती का?"

तो बूट काढायला वाकला. बराच वेळ लेस सोडत बसला. "नाही."

"आम्ही पाच जणी खाली उन्हात उभ्या होतो, ताहिर. तू आम्हाला पाणी आणून दिलंस. बॉनेट उघडून दाखवलंस."

"ओवैसने पहिल्यांदाच माझ्याकडे काही मागितलं. मला वाटलं, बायकांची पाच मतं, काय फरक पडतो. वाटलं होतं, तू दोन दिवस रागावशील आणि विसरशील."

"आणि तुला तिकीट मिळेल."

"हो. आणि मला तिकीट मिळेल." मग एकदम वर बघून म्हणाला, "मला कधी काही मिळू नये का?"

मी इक्राच्या खोलीत झोपतेय.

१५ नोव्हेंबर

आता अध्यक्षापुरतं नाही. पूर्ण पॅनल. वरपासून खालपर्यंत प्रगती. सगळ्यांना तसंच सांगितलं. डायनाने विचारलं, "ताहिरसुद्धा?" मी म्हटलं, ताहिर पहिला.

तिलाच फक्त कारण सांगितलं. ती म्हणाली, "तू चिडून मत देतेयस." मग कसं द्यायचं असतं?

२१ नोव्हेंबर, गुरुवार

उद्या मतदान. आज दुपारी ग्रुपवर फोटो आला. ओवैसभाई मध्ये, एका बाजूला आपा. खाली लिहिलंय, सलोखाच्या उपाध्यक्षपदाच्या उमेदवार शरीफुन्निसा आपा, सगळ्या भगिनींनी पूर्ण पॅनलला मत द्यावं.

मला वाटलं कुणीतरी जुना फोटो टाकलाय. मग डायनाचा फोन, मग तिसऱ्या मजल्यावरचीचा, मग सगळ्यांचे. "अगं, तू तर म्हणालीस आपांच्याच मनात आहे!" मी फोन बंद केला. डॉक्टरांना डोकं दुखतंय सांगितलं आणि आपांच्या घरी गेले.

त्या युनिफॉर्ममध्येच होत्या, ड्युटीला निघायच्या तयारीत. मला बघून पंखा लावला. म्हणाल्या, बस. मी बसले नाही.

"आपा, त्यांनी तुम्हाला दारात हरवलं. आणि तुम्ही त्यांच्याशेजारी उभ्या?"

"हो. त्यांनी चोरीच केली. मला माहितीये."

"मग?"

"मग मी त्यांना घरी बोलावलं. म्हटलं, बायकांची मतं तुमच्या हातून गेलीयत, निवडणूक हराल. मला खोली द्या, उपाध्यक्षपद द्या, मग बोलते मी बायकांशी. दोन आठवडे घासाघीस केली. खोली कबूल केली सगळ्यांसमोर. बॅटी कालच खाली आणल्या."

"मला सांगायचं होतंत."

"तीन वेळा फोन केला, आतिका. थांब म्हटलं. तू ऐकलंस का? तू मलाच सांगत होतीस की माझ्या मनात काय आहे." आवाज चढला नाही त्यांचा, तेच जास्त लागलं. "तू माझ्यासाठी उभी राहिलीस, मी ते विसरणार नाही. पण मला न विचारता माझं नाव घेऊन तू माणसं पलीकडे नेलीस. आता त्यांना परत आण."

मी त्यांना बॅटरीचं सांगितलं. ताहिरचं. त्या ऐकत होत्या, मधेच त्यांनी घड्याळाकडे पाहिलं.

"वाईट झालं," म्हणाल्या. "पण ते तुझ्या घरचं आहे. खोली त्या पोरींची आहे."

माझ्या घरचं! ज्या मतदानासाठी ते झालं ते कुणाचं होतं? मी म्हटलं, "तुम्हाला खुर्ची मिळाली, आपा, म्हणून तुम्हाला सगळं सोपं." त्यांचा चेहरा उतरला. मी जिना उतरून आले.

कुणालाही परत आणणार नाही. ज्यांच्यासाठी मी नवऱ्याशी बोलणं टाकलं, त्यांनी आधी त्याच्याच नेत्याशी हातमिळवणी केली. माझं आता कुणी नाही, तर मी कुणाची का असावं?

२२ नोव्हेंबर, शुक्रवार

मतदान हॉलमध्ये झालं. एसी चालू होता.

रांगेत आपा माझ्या मागे होत्या. सलाम केला, मी मान हलवली. आत गेल्यावर क्रीडा सचिवाच्या ओळीत ताहिरचं नाव वर होतं, खाली प्रगतीचा कुणीतरी, मी ओळखतही नाही. पेन थोडं थांबलं. मग खालच्यासमोर खूण केली. आपांच्या नावासमोरही केली नाही.

संध्याकाळी निकाल. अँथनी निवडून आला. प्रगतीचे सगळे आले. ताहिर पडला, आपा पडल्या. ओवैसभाई सगळ्यांत कमी फरकाने पडले, ही एक गंमतच.

अँथनीच्या लोकांनी ढोल आणले होते. तो माझ्याजवळ येऊन म्हणाला, "भाभी, तुमचे उपकार." ताहिर दोन हातांवर उभा होता. त्याने ऐकलं.

आम्ही गाडीत बसलो. सनाबिसचा सिग्नल आला तेव्हा त्याने विचारलं, "मला तरी दिलंस का?"

मी म्हटलं, "नाही."

त्याने मान डोलावली, कुणी रस्ता सांगितल्यावर डोलावतात तशी.

३० नोव्हेंबर

खोलीचं विचारायला गेले. बॅटी परत वर गेल्यात. नव्या कमिटीचा माणूस म्हणाला, अध्यक्षसाहेब सध्या बिझी आहेत. अँथनीला फोन केला. म्हणाला, "भाभी, बघू. इंशाल्ला." या वेळी मला तो शब्द नीट ऐकू आला.

डायना हल्ली बिल्डिंगखाली थांबत नाही. घाईत असते.

७ डिसेंबर

खास सभेची नोटीस. विषय एकच, मतदान पुन्हा घरटी एक करणे. कारण दिलंय, स्वतंत्र मतांमुळे सभासदांच्या घरांत कलह निर्माण झाला आहे.

कुणाचं घर, ते लिहिलेलं नाही. लिहायची गरजही नाही.

इक्राने वाचलं. "सो ऑल ऑफ दॅट, अँड नाऊ यू डोन्ट ईव्हन गेट अ व्होट?" मी तिला म्हटलं, मराठीत बोल. ती मराठीत म्हणाली, "तू कुणाला जिंकवलंस, मम्मी?"

१३ डिसेंबर, शुक्रवार

सभा झाली.

अँथनी चांगलं बोलला. इथल्या राष्ट्रीय दिनाच्या शुभेच्छा दिल्या, मग आवाज हळू केला. "मी नाव घेणार नाही. पण याच हॉलमध्ये एक जोडपं आहे. बायकोने नवऱ्याविरुद्ध मत दिलं. आज एका घरात दोन चुली आहेत. हेच हवं होतं का आपल्याला?" सगळे समोर बघत होते, म्हणजे सगळ्यांना माहीत होतं.

आपा उठल्या. म्हणाल्या, "चूल मताने वेगळी होत नाही. तिला कारणं असतात." आणि बसल्या. एवढंच बोलल्या. पूर्वी त्या बोलल्या की आमच्या बाजूने टाळ्या पडायच्या.

हात वर करायला सांगितले. ठरावाच्या बाजूने पुरुषांचे हात तर आलेच. मग तिसऱ्या मजल्यावरचीचा आला, तिने नवऱ्याकडे बघून वर केला. तिच्या शेजारणीचा आला. ज्यांच्या दारात मी चहा प्यायले होते त्यांतल्या बहुतेकींचे आले. एक जण मला कुजबुजली, "नको गो आता भांडणं. आम्हाला काय, ह्यांनी दिलं काय आणि मी दिलं काय." डायना शिफ्टवर होती, की आलीच नाही.

विरोधात हात विचारले. आपांचा वर गेला. मी माझा वर केला. मधे चार खुर्च्या रिकाम्या होत्या. आम्ही एकमेकींकडे पाहिलं नाही. आणखी तीन-चार हात होते मागे कुठेतरी. ताहिरने कुठलाच हात वर केला नाही, ना तेव्हा, ना आत्ता.

ठराव पास झाला. मग सचिव म्हणाला, प्रत्येक कुटुंबाने आत्ताच एक नाव सांगायचं, मत कुणाच्या नावावर ठेवायचं. एकेक घर पुकारत गेला. पुरुष बसल्या जागेवरूनच आपापलं नाव सांगत होते, काही तर नुसता हात करत होते. कुणी विचारात पडलं नाही.

"बुरोंडकर."

ताहिर उभा राहिला. नाव सांगायला एवढ्या सभेत फक्त तोच उभा राहिला. त्याने तोच नवा शर्ट घातला होता.

"आतिका बुरोंडकर," तो म्हणाला.

सचिवाला वाटलं चुकून आलं. "ताहिरभाई, घरातल्या मताचं विचारतोय मी. तुमचं नाव लिहू?"

"मी ऐकलं. तिचंच लिहा."

कुणीतरी मागे हसलं. अँथनीने पाण्याचा ग्लास उचलला आणि न पिता ठेवला. आपांनी पहिल्यांदाच वळून माझ्याकडे पाहिलं, मला मात्र त्यांच्याकडे बघता आलं नाही. ताहिर खाली बसला आणि दोन्ही हात मांडीवर ठेवून समोर बघत राहिला. सचिवाने पुढचं घर पुकारलं.

परत येताना मला विचारायचं होतं. हे माफी म्हणून केलंस, की सगळ्यांसमोर मला लाजवायला? दोन्ही असेल. किंवा वीस वर्षांनी मंडळाने त्याचं नाव पुकारलं आणि त्याला त्या खुर्चीचीच शिसारी आली असेल. मला माझ्याच नवऱ्याचं कळत नाही, आणि मी आपांच्या मनातलं ओळखायला निघाले होते.

घराजवळच्या कोल्ड स्टोअरशी, वाण्याच्या दुकानाशी, त्याने गाडी थांबवली. काच खाली केली. दुकानदार बाहेर आला.

"खुबूसच्या रोट्या घेऊ का?" ताहिरने विचारलं. तीन आठवड्यांत तो स्वतःहून पहिल्यांदा बोलला होता.

मी म्हटलं, "घे. दोन पाकिटं घे."